माय जामीन

भीमाची गाडी नांदेडहून निघून लोह्याला यायची ती सकाळी, पण कोंडाबाई त्याच्या कितीतरी आधी स्टँडवर येऊन बसली होती. मांडीवर गाठोडं, गाठोड्यात ज्वारीचं पीठ, तिळाची चटणी आणि लेकीसाठी एक जुनी गोधडी. शेजारच्या बाईनं कुठं निघालात म्हणून विचारलं, तर कोंडाबाईनं तिला जेवढं विचारलं होतं त्याहून बरंच जास्त सांगितलं. लेक लातूरला सरकारी कचेरीत टाइप करते. जिल्हा नवा झाला तशा नव्या जागा निघाल्या, त्यात तिचं काम झालं. तिची खोली बघायला निघाले. आणि ज्या गाडीत आपण बसणार ती माझा ल्योक चालवतो.

"लई नशिबाच्या हाव बाई तुम्ही," शेजारीण म्हणाली.

कोंडाबाई नुसती हसली. नशीब हा शब्द तिला पटायचा नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती आणि नवरा लिंबाजी सडकेच्या कामावर खडी फोडायला जायचे. भीमा तेव्हा बारा वर्षांचा होता, पंचशीला सातची. त्याच सालात उन्हाळ्याच्या शेवटी लिंबाजी हगवणीनं गेला. पुढची सगळी वर्षं कोंडाबाईनं लोकांच्या रानात काढली. भीमा मॅट्रिक झाला, ट्रकवर क्लीनर राहिला, मग ड्रायव्हर झाला, मग एस.टी.त बदलीवर लागला. याच साली तो कायम झाला होता. पंचशीला नांदेडच्या वसतिगृहात शिकली. सुट्टीला घरी आली की दरवेळी थोडी उंच दिसायची, थोडी कमी बोलायची. लेकरं डोळ्यादेखत वाढतात म्हणतात, पण कोंडाबाईला वाटायचं, आपली लेकरं आपल्या पाठीमागं वाढली. आपण वाकून खुरपत होतो आणि वर बघितलं तर ती मोठी झालेली.

गाडी आली. भीमानं वरूनच हाक मारली, "माय, म्होरं ये, माझ्यामागल्या सीटवर बस."

कंडक्टर चन्नबसप्पानं तिचं गाठोडं घेतलं. "बसा आई. आज गाडी नीट चालल, तुम्ही हाव म्हणून."

लेकाच्या गाडीत बसायची तिची ही पहिलीच वेळ होती. खाकी कपड्यातली त्याची पाठ ती बघत राहिली. समोरून बैलगाडी आली की तो आधीपासून वेग कमी करायचा. स्टँडवर माणसं त्याला नावानं रामराम करायची, कोणी जय भीम घालायचं. दोन्ही बाजूंना रानं उघडी पडली होती. दोन सालं पाऊस असा झालाच नव्हता. विहिरींच्या कडेला गाळाचे ढीग होते आणि कुठंतरी एखादं म्हातारं जनावर सावलीला उभं होतं. कोंडाबाईनं ते सगळं बघितलं आणि परत लेकाच्या पाठीकडं बघितलं.

अहमदपूरला एक म्हातारं जोडपं चढलं. नवरा महादेवप्पा, बायको नागम्मा. महादेवप्पाची लघवी कोंडली होती. पोट फुगलं होतं, त्याला धड बसताही येत नव्हतं. अहमदपूरच्या डॉक्टरनं लातूरच्या मोठ्या दवाखान्यात लवकर न्या म्हणून सांगितलं होतं. नागम्मा दर थोड्या वेळानं पुढं वाकून विचारायची, "अजून किती दूर हाय, बाबा?"

"येतंय मावशी. जोरात घेऊन राहिलो," भीमा म्हणायचा.

चाकूरच्या अलीकडं वडगाव फाट्यावर गाडी थांबली.

सडकेवर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. फांद्यांच्या मागं घागरी, हंडे, डबे यांची आडवी रांग, आणि त्यांच्या मागं डांबरावर बायका बसल्या होत्या. म्हाताऱ्या होत्या, लेकुरवाळ्या होत्या. पुरुष बाजूला लिंबाखाली उभे होते. भीमानं इंजिन बंद केलं आणि खाली उतरला. चन्नबसप्पा त्याच्या मागं गेला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"गाडी जाणार न्हाई," पुढं बसलेली एक बाई म्हणाली. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आवाज घोगरा. तिचं नाव रत्नम्मा, हे पुढं कळलं. "टँकर येऊस्तोवर इथून कुत्रंबी जाणार न्हाई."

"टँकर कवापासून न्हाई?"

"आठ दिस झाले. रोज म्हणतेत सांजच्याला यील. गावात एक हीर हाय, तिच्यात चिखल हाय. जिल्हा नवा झाला म्हणून पेढे वाटले आमच्या सरपंचानं. जिल्हा नवा, नरडं कोरडंच."

"गाडीत लई आजारी माणूस हाय, मावशी. त्याला दवाखान्यात न्यायचं हाय."

"काल जीपवाला सायब म्हणला, माझी मीटिंग हाय, जाऊ द्या, तासाभरात टँकर धाडतो. गेला तो गेला. परवाच्याला एकजण म्हणला, घरी मयत हाय. सोडलं. पुढं चाकुरात चहा पीत बसला व्हता. तुमचं खरं असंल बी, पर आम्ही आता कुणाचं ऐकत न्हाई."

नागम्मा गाडीतून उतरून आली, रत्नम्माशी कानडीत काहीतरी बोलली आणि रडायला लागली. रत्नम्मा उठली, गाडीत चढली, महादेवप्पाचं पोट बघितलं आणि खाली आली. तिचा चेहरा बदलला होता. पण मागच्या बायका उठेनात. एक तरणी बाई ओरडली, "सोडली की संपलं! एवढ्या उन्हात आपण बसून काय उपेग?"

"मी तुमचा निरोप घेऊन जातो," भीमा म्हणाला. "टँकर जिथून सुटतेत त्या लातूरच्या कचेरीत माझी बहीण हाय. टँकर कामून येत न्हाई ते इचारून, जबाब घेऊन, सांजच्या खेपेला इथंच येतो."

"सांजच्या खेपेला दुसरा डायवर यील. आम्हाला का ठावं न्हाई?"

भीमानं टोपी काढली, घाम पुसला. मग गाडीकडं वळला आणि कोंडाबाईच्या खिडकीकडं बोट केलं.

"ती माझी माय हाय. तिला इथं ठेवून जातो. मी जबाब घेऊन आलो तर तिला घेऊन जाईन."

कोंडाबाईला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. मग चन्नबसप्पा दारात येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "आई, उतरता का?"

ती उतरली. भीमाच्या समोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांच्या देखत तिच्या तोंडून निघालं, "मला जामीन ठिवतूस? मला इचारलंस का?"

"माय, तुझ्यावाचून माझ्यापाशी काय हाय? दुसऱ्याची माय ठिवू का?"

"कायम होऊन चार म्हैने न्हाई झाले तुला. ह्या भानगडीत पडू नको. पोलीस येतील, ते बघतील."

"पोलीस येऊस्तोवर तो माणूस मरंल."

गाडीच्या खिडकीतून महादेवप्पाचं कण्हणं ऐकू येत होतं. रत्नम्मानं कोंडाबाईला खालपासून वरपर्यंत बघितलं, मागं वळून बायकांना म्हणाली, "सरका गं." फांद्या बाजूला ओढल्या गेल्या. दोन बायकांनी घागरी उचलल्या. गाडी त्या जागेतून हळू निघाली, तिची धूळ कोंडाबाईच्या तोंडावर आली, आणि फांद्या पुन्हा जागेवर आल्या.

तिचं गाठोडं गाडीतच राहिलं होतं.

बायकांनी तिला लिंबाच्या कडेला, जिथं थोडी सावली पडत होती तिथं जागा करून दिली. तिच्याशी कोणी वाईट बोललं नाही. पण दोघीजणी तिच्या दोन्ही अंगांना बसल्या, आणि ती उठून चार पावलं चालली की दोघींचे डोळे मागं यायचे. कोंडाबाईच्या मनात राग उसळत होता. माणसानं घागर ठेवावी, बैल ठेवावा. ह्यानं माय ठेवली. आणि वर ते किती सरळ बोलला, जसं काही घरातलीच गोष्ट.

दुपार चढली. एका डेगीतलं पाणी बायका एकमेकींना देत होत्या, घोट घोट. एक म्हातारी तांब्या घेऊन कोंडाबाईकडं आली.

"कुठल्या तुम्ही? कोणाच्या?"

"लोह्याकडल्या. बौद्धाच्या," कोंडाबाई म्हणाली.

म्हातारीचा हात थबकला. मग ती म्हणाली, "ओंजळ धरा. वरून घालते."

कोंडाबाईच्या घशाला कोरड पडली होती. लहानपणी, तरणेपणी किती ठिकाणी अशी ओंजळ धरली होती ते तिचं तिला माहीत. पण आज तिचे हात पदराखालून निघाले नाहीत.

"तांब्या द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

"तसं न्हाई वो, रीत हाय म्हणून…"

"ऱ्हाऊ द्या मग. माझा ल्योक यील तवा पिईन."

म्हातारी परत गेली. बायकांत कुजबुज झाली. कोंडाबाई समोरच्या सडकेकडं बघत बसली. तिला वाटलं, आपण काय बोलून बसलो. ल्योक येईल म्हणालो. आणि नाही आला तर?

ती मघाशी ओरडलेली तरणी बाई जवळच होती. कडेवर लेकरू, लेकराच्या ओठांना भेगा. ती म्हणाली, "येत न्हाई तो. आईला कोण कुठं खातंय, म्हणून ठिवून गेला. उद्या सकाळी आपणच सोडून देऊ, हे त्याला ठावं हाय."

"यील," कोंडाबाई म्हणाली.

"कशावरून?"

भीमा लहानपणी कसा होता ते कोंडाबाईला माहीत होतं. आताचा भीमा तिला किती माहीत होता? तो महिनोन्महिने नांदेडच्या डेपोत झोपायचा. घरी आला की जेवायचा, पैसे द्यायचा, जायचा. सकाळपासून ज्या पाठीकडं ती कौतुकानं बघत होती, त्या पाठीच्या पुढं काय चाललेलं असतं, ते तिला कधी दिसलंच नव्हतं. आणि मग तिच्या मनात असा विचार आला, की तिला स्वतःचीच लाज वाटली. न येवो तो. लातूरलाच राहो. दुसरा ड्रायव्हर येवो. ह्या बायका मला सोडतील, मी चालत चाकूरला जाईन, आणि त्याची नोकरी राहील.

उन्हं थोडी कलली तेव्हा रत्नम्मा तिच्याजवळ येऊन बसली. हातात तोच तांब्या होता. तिनं तो कोंडाबाईच्या पुढं जमिनीवर ठेवला.

"प्या."

कोंडाबाई हलली नाही.

"प्या म्हणते ना. माझ्या घरचा तांब्या हाय. लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या. दुपारपासून एक बाई माझ्याम्होरं उपाशी तहानलेली बसली तर शिव मला काय म्हणंल?" थोडं थांबून ती म्हणाली, "मला बी दोन पोरं हायती. एक पुण्याला, एक सोलापूरला. टपाल बी येत न्हाई. तुमचा यील का न्हाई मला ठावं न्हाई. पर ज्यानं कुणाच्या नवऱ्यासाठी स्वतःची माय ठिवली, असं पोर मी पाहिलं न्हाई."

कोंडाबाईनं तांब्या उचलून तोंडाला लावला. पाणी गढूळ होतं. मघाची म्हातारी दुसरीकडं तोंड करून बसली.

गाडी आली तेव्हा सूर्य टेकाडावर होता. ती लांबून दिसताच बायका उभ्या राहिल्या. स्टिअरिंगवर भीमाच होता. कोंडाबाईनं आधी लेकाकडं बघितलं, मग गाडीच्या मागं. टँकर नव्हता. सडक रिकामी होती.

भीमा उतरला. त्याच्या मागून पंचशीला उतरली. तिच्या बोटांना टायपाच्या फितीची निळी शाई होती, पायात चपला, कचेरीतून तशीच आलेली. कोंडाबाईला लेक इथं बघून आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त वाटलं, हिला कशाला आणलं ह्यानं.

"म्हातारा दवाखान्यात हाय," भीमा आधी म्हणाला. "नळी घातली. वाचंल म्हणले डॉक्टर."

"आन् टँकर?" रत्नम्मानं विचारलं.

भीमानं बहिणीकडं बघितलं. पंचशीला पुढं आली. तिचा आवाज बारीक होता, पण ती थांबली नाही.

"टँकर उद्या येणार न्हाई. परवा बी येणार न्हाई. तुमच्या बाजूचा टँकर मोडून पडलाय. दुरुस्तीला टाकलाय, सामान आलं न्हाई. मी दोघातिघा सायबांना इचारलं. एक म्हणला, बायकांना सांग सांजच्याला यील. मी म्हणलं, ते मी सांगणार न्हाई. म्हणून मीच आले. जे हाय ते तुम्हाला सांगायला."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. ती तरणी बाई लेकराला शेजारणीकडं देऊन पुढं आली आणि तिनं पंचशीलाचा दंड धरून हिसका दिला. "तुमच्या कचेरीत थंड पाण्याचा माठ असंल न्हाई? तुम्ही पिता, आन् आम्हाला मोडका टँकर!" मागून कोणीतरी शिवी दिली. कोणाचा तरी धक्का लागून पंचशीला गुडघ्यावर पडली.

कोंडाबाई उठली. भीमाही धावला. पण पंचशीलानं हात वर केला. "माय, तू बस. दादा, तू बी थांब." ती उठली, लुगड्याची माती झटकली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती त्या बाईकडंच बघत होती. "माठ हाय, बाई. खोटं कशाला बोलू? हाय."

त्या बाईचा हात खाली आला.

"इथं बसून काही होत न्हाई," पंचशीला म्हणाली. "सडक अडली तर पोलीस यीतेत, तुम्हाला उठीवतेत, कचेरीत कुणाला पत्ता बी लागत न्हाई. उद्या सकाळी रिकाम्या घागरी घेऊन लातूरला या. कचेरीच्या दारात बसा. दुसऱ्या बाजूचे टँकर चालू हायती, एखादा इकडं वळीवता येतो, पर ते वरच्या सायबाच्या हातात हाय. तुम्ही त्याच्या डोळ्याम्होरं बसल्याबिगर तो वळणार न्हाई."

"हे तू सांगितलं म्हणून सायबाला कळलं तर?" रत्नम्मानं विचारलं. "तुझी नोकरी?"

पंचशीलानं तळहाताला लागलेली माती पुसली.

कोंडाबाईला राहवलं नाही. ती लेकीच्या अंगावर ओरडली, "कामून गं? कामून दोघं मिळून माझं सगळं मातीत घालून राहिले? एवढी वर्षं मी काय याच्यासाठी वाकले?" भीमा खाली बघत होता. पंचशीला आईजवळ आली आणि तिनं नुसता तिचा हात धरला. तो हात कोंडाबाईनं झिडकारला नाही, पण दाबलाही नाही.

"जा बाई," रत्नम्मा म्हणाली. "तुम्ही जामिनातून मोकळ्या."

फांद्या बाजूला झाल्या, भीमा गाडी घेऊन नांदेडकडं गेला, आणि मायलेकी गाठोडं घेऊन लातूरच्या शेवटच्या गाडीत चढल्या. ती रात्र कोंडाबाईनं लेकीच्या खोलीत काढली. खोली नीट बघायचंही तिला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाड्यांनी वडगावच्या बायका आल्या. चन्नबसप्पानं त्याच्या गाडीत चढलेल्या सगळ्यांची तिकिटं फाडली, आणि घागरींचं लगेज मात्र लावलं नाही. कचेरीच्या दारात बायका बसल्या. ऊन तापलं तसं त्यांनी घागरी वाजवायला सुरुवात केली. आत जाणारा प्रत्येक माणूस त्यांना ओलांडून जात होता. पंचशीलाही त्यांच्यामधूनच आत गेली, मान वर करून, कोणाशी न बोलता.

कोंडाबाई पलीकडच्या चहाच्या टपरीपाशी उभी होती. आज तिला कोणी जामीन ठेवलं नव्हतं, तिचं तिथं काही काम नव्हतं. बराच वेळ ती उभीच राहिली. मग रस्ता ओलांडला आणि रत्नम्माच्या शेजारी जाऊन बसली. रत्नम्मानं सरकून जागा दिली. उघड्या खिडकीतून टाइपच्या यंत्राचा आवाज येत होता. त्यातला आपल्या लेकीचा कुठला, हे कोंडाबाईला ओळखता येईना.

दुपारनंतर एक साहेब बाहेर आला, बोलला, आत गेला, परत आला. तिसऱ्या दिवशी वडगावात टँकर पोचला.

त्याचं मोल दोघांनाही मोजावं लागलं. भीमाची चौकशी लागली. गाडी वाटेत थांबवून ठेवली, खेपेला उशीर केला, लोकांना भडकवलं, असे आरोप. तो सगळा उन्हाळा तो घरी बसून होता. पंचशीलावर काही लिहून ठपका आला नाही, पण तिला त्या कचेरीतून उचलून उदगीरला टाकलं, आणि तिथं बरेच दिवस तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. गावात दीर नरसिंग म्हणाला, "वैनी, एवढं शिकवून काय केलं त्यांनी? आपल्या लोकांसाठी असतं तर गोष्ट येगळी. कुठल्या वडगावच्या बायका, त्यांचं आपलं काय?"

कोंडाबाईला त्याचं खोडून काढता आलं नाही. ती म्हणाली, "मला बी ठावं न्हाई." पण त्याला हो म्हणणंही तिला जमलं नाही.

घरी बसलेला भीमा दावं वळत होता, विहिरीतला गाळ काढायला लोकांबरोबर जात होता. एकदा जेवताना कोंडाबाईनं त्याला विचारलं, "परत तसं झालं तर मला इचारशील का?"

"इचारीन."

"आन् मी न्हाई म्हणलं तर?"

भीमानं भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "तू न्हाई म्हणणार न्हाईस, माय."

"म्हणीन. लई भ्या वाटतं रे मला. तुम्ही लहान व्हते तवा पोट भरत नव्हतं, त्याचं एवढं भ्या वाटत नव्हतं."

त्यानं मान डोलावली. कोंडाबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि तो खाईपर्यंत समोर बसून राहिली.

पावसाळ्याच्या तोंडाला त्याला परत कामावर घेतलं, पण नांदेडला नाही, देगलूरला. तिकडची वाट त्याला ठाऊक नव्हती, लोक तेलुगू, कानडी बोलायचे. निघायच्या दिवशी तो खाकी कपडे घालून दारात उभा राहिला तेव्हा शेजारच्या बाया बघायला आल्या. कोंडाबाईनं त्याची कॉलर नीट केली. "कोंडाबाई, तुमचं पोर लई उंच हाय वो," एकजण म्हणाली.

"हाव," कोंडाबाई म्हणाली, "हाय."